पहिला निरोप तुमच्याकडं येतो: सातारा जिल्ह्यातल्या गावकारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आणि यात्रा कमिटीचे पदाधिकारी,
सातारा जिल्हा

विषय: मानसिक आजाराच्या रुग्णाला वेळेत दवाखान्यात पोचवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

घरात कुणाचं वागणं बदललं की घरची माणसं सहसा आधी डॉक्टरकडं जात नाहीत, तुमच्याकडं येतात. कधी गाडी मागायला, कधी धरायला चार पोरं मागायला, कधी नुसतं 'काय करू' विचारायला. काही वेळा घरचे गप्पच असतात आणि शेजारी तक्रार घेऊन येतो, की रात्रभर ओरडतोय, दारावर दगड मारतोय. त्या वेळी तुम्ही जे बोलता त्याला घरात वजन असतं. 'अमक्या देवरुष्याला दाखवा', 'लग्न उरकून टाका', 'तोवर बांधून ठेवा' यांतलं एखादं वाक्य तुमच्या तोंडून गेलं, तर रुग्णाचं वर्ष वाया जाऊ शकतं. 'उद्या सकाळच्या गाडीनं सिव्हिलला नेऊ' म्हणालात, तर तेच दुखणं दोन-तीन महिन्यांत आटोक्यात येण्याची चांगली शक्यता असते. म्हणून हे पत्र कलेक्टर ऑफिसला न धाडता तुम्हाला लिहितो आहोत.

बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांच्या बाहेर होते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तरीही दीड हजार मतदारांच्या गावात दीडशेच्या आसपास माणसं धरून चालायला हरकत नाही. ती तुमच्या नजरेत येत नाहीत, कारण त्यांतली बहुतेक ओरडत नाहीत. कुणाला नैराश्य, कुणाला चिंतेचा आजार, कुणाला दारू. अंगात कणकण, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, डोकं जड, अशा तक्रारी घेऊन ती दर पंधरा दिवसांनी एक सलाईन लावून येतात. सलाईनमध्ये पाणी, मीठ, फार तर साखर असते. पहाटे तीनला उडालेली झोप त्यानं परत येत नाही. आणि ज्यांना गाव 'वेडा' म्हणतं, त्या मोठ्या आजाराच्या रुग्णांतलेही बहुसंख्य कुणाच्या अंगावर जात नाहीत. मार खातात ते तेच.

निरोप आला की तुम्ही पहिला प्रश्न विचारायचा तो 'कधीपासून?' हा. निम्मी वाट या एका प्रश्नानं कळते.

माणूस कालपरवापर्यंत बरा होता आणि काही तासांत किंवा दोन दिवसांत बरळायला लागला, माणसं ओळखेना, दिवस की रात्र कळेना, मध्येच शुद्धीवर आल्यासारखा वाटतो आणि पुन्हा भरकटतो, असं असेल तर आधी शरीराचा आजार शोधायचा. सत्तरीच्या म्हाताऱ्याला लघवीतला जंतुसंसर्ग पुरतो. रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, मधुमेह्याची साखर खाली गेलेली असते, किंवा पंधरा दिवसांमागं न्हाणीत घसरून डोक्याला मार बसलेला असतो आणि आत हळूहळू रक्त साचत आलेलं असतं. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखाना. 'म्हातारचळ लागला' म्हणून खाटेवर ठेवला तर तो त्याच खाटेवर जातो.

याच प्रकारात दारू सुटतानाचा आजार येतो, आणि तो गावात जवळजवळ हमखास चुकीचा ओळखला जातो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम येतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे, दारात माणसं दिसू लागतात. माणूस हवेत काहीतरी पकडायला बघतो, उठून पळतो, ताप चढतो. गाव म्हणतं 'लागिर झालं', घरचे म्हणतात 'दोन पेग द्या, गप बसंल'. खरं तर ही जिवावरची वेळ असते. उपचार मात्र ठरलेला आहे: दाखल करून ठरावीक मापानं शामक औषध आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. ग्लुकोज लावायचं असेल तर ब-१ त्याच्या आधी. बायामाणसांनी मतदान करून बाटली आडवी केली तर गावाला अभिमान वाटावा, वाटतोच. पण त्याच आठवड्यात गावातल्या जुन्या पिणाऱ्यांची यादी आशाताईंच्या हातात असायला हवी. माळकरी करण्याची शपथ घालून कुणाला खोलीत कोंडणं, हा उपचार नाही.

त्यातलीच दुसरी गोष्ट भाजीत, चहात चोरून घातल्या जाणाऱ्या 'दारू सोडवायच्या' पावडरीची. तिच्यात बहुतेकदा काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर पिणाऱ्याला न सांगता देणं धोक्याचं आहे. वर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. हे औषध चांगलं आहे, फक्त घेणाऱ्याला माहीत असताना, हृदय आणि यकृत तपासून दिलं तर.

बाळंतिणीचं वेगळं सांगतो. हजार बाळंतपणांमागं एक-दोन बायकांना पहिल्या पंधरा दिवसांत तीव्र मनोविकाराचा झटका येतो. झोप अजिबात नाही, एकाएकी खूप बडबड किंवा एकदम मुकं होणं, 'हे माझं बाळ नव्हं', बाळाबद्दल विचित्र बोलणं. ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लागलं म्हणून खोलीत धूप घालत बसू नका. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो, आणि वेळेत औषध मिळालं तर हा आजार फार छान बरा होतो. त्या काळात बाळ एकट्या आईजवळ ठेवायचं नाही, आणि तिला घालूनपाडून बोलायचंही नाही.

आता आठवड्या-महिन्यांत वागणं बदललेल्यांकडं. मुंबईला माथाडीत किंवा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात परराज्यात गेलेला विशीतला पोरगा घरी परत येतो. आल्यापासून खोलीतनं निघत नाही, अंघोळ नाही, मध्येच हसतो, मोबाईलमधून आपल्यावर पाळत आहे म्हणतो, आईनं वाढलेलं ताट शेजारच्याला आधी खायला लावतो. घरच्यांना करणीचा संशय येतो आणि बहुतेकदा संशयाची सुई भावकीतल्या एखाद्या विधवेवर जाते. तंटामुक्तीच्या बैठकीत हा विषय 'करणी'चा वाद म्हणून आला, तर समितीनं आधी त्या पोराला डॉक्टरला दाखवा म्हणावं. असे आजार सोळा ते तीस या वयात जास्त सुरू होतात. त्याचं कारण परगावची नोकरी नसते, बाईनं घातलेलं लिंबूही नसतं. मेंदूच्या रसायनांत बिघाड, थोडा आनुवंशिक धोका आणि काही वेळा गांजा, असं ते गणित असतं. उपचाराविना जितके महिने जातील तितकं बरं होणं अवघड होत जातं.

देवाचं काय, असा प्रश्न तुम्ही विचाराल. यात्रेत, आरतीच्या वेळी, हलगीवर अंगात येऊन पंधरा मिनिटांत जिची तिला शुद्ध येते आणि जी दुसऱ्या दिवशी खुरपायला जाते, तिला आम्ही रुग्ण म्हणत नाही. अवेळी, रोज, इजा होईपर्यंत येऊ लागलं आणि घरकाम सुटलं, तर दाखवायला हवं. नवस बोला, कुलदैवताला जाऊन या, आमची हरकत नाही. गोळी चुकवू नका एवढंच. पण भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं, चटके देणं हा गुन्हा आहे. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले आणि जो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पोलीस पाटलांनी ती अनुसूची छापून चावडीत लावावी. दोन पानांचं काम आहे.

सगळ्यात जास्त नुकसान गोळ्यांबद्दलच्या गैरसमजांनी होतं, म्हणून इथं जरा थांबतो. 'या गोळ्यांची सवय लागते, माणूस झोपूनच राहतो', असं पारावर बोललं जातं आणि तिसऱ्या आठवड्यात औषध सुटतं. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, ॲसिडिटी, थोडी जास्त बेचैनी हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे रुग्णाला आधी तोटा दिसतो, फायदा नंतर. हे कुणी सांगितलेलं नसेल तर तो गोळी सोडणारच. बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने ती चालू ठेवायची असते, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते. सवय लागते ती वेगळ्या गोळीची: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि टेन्शनच्या. गंमत अशी की लोक डॉक्टरनं दिलेल्या सवय न लागणाऱ्या गोळीला घाबरतात आणि सवय लागणारी गोळी वर्षानुवर्षं स्वतःहून घेतात.

मोठ्या आजाराच्या औषधांनी काहींचं अंग ताठ होतं, हात कापतात, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. वर आणखी औषध देऊन किंवा मात्रा बदलून हे बहुतेक वेळा कमी करता येतं, म्हणून औषध बंद न करता डॉक्टरला सांगायचं. गोळी थुंकून टाकणाऱ्यासाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. उन्मादाच्या (मन टोकाचं चढून जाण्याच्या) आजारावर लिथियम घेणाऱ्याचं मात्र ऊसतोडीच्या उन्हात आणि निर्जळी उपवासात जपायला लागतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं किंवा अंगदुखीवर मनानं वेदनाशामक गोळ्या घेतल्या, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, जुलाब लागले, जीभ अडखळायला लागली, की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. शॉकबद्दल तर सिनेमानं एवढी भीती घातली आहे की बोलायची सोय नाही. आज तो भूल देऊन, स्नायू सैल करून देतात. वीज काही सेकंदच असते आणि साधारण सहा ते बारा वेळा दिला जातो. काही दिवसांची आठवण पुसट होते, ती बहुतांशी परत येते. जो माणूस अन्नपाणी सोडून दगडासारखा पडलाय, त्याला याइतकं लवकर उठवणारं दुसरं काही आमच्याकडं नाही.

लग्नाचं थोडक्यात. 'दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल' हा सल्ला देऊ नका. लग्नाच्या धावपळीत झोप जाते, सासरच्यांना कळू नये म्हणून गोळ्या लपवल्या जातात, मग बंद होतात, आणि हळद उतरायच्या आत आजार उलटतो. आजार आटोक्यात असेल, समोरच्या घराला खरं सांगितलं असेल, तर रुग्णाची लग्नं होतात आणि टिकतातही. मुलगी उन्मादावर किंवा फिटवर व्हॅलप्रोएट घेत असेल तर लग्नाआधीच डॉक्टरला विचारा, कारण त्या औषधानं पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं.

अपशिंगेसारख्या घरटी फौजी असलेल्या गावांत आणखी एक समजूत असते, की वर्दीतला माणूस मनानं कच्चा नसतो. सुट्टीवर किंवा पेन्शनवर आलेला जवान रात्री दचकून उठत असेल, फटाक्यानं घामाघूम होत असेल, दारू वाढली असेल, तर त्याला धैर्याचे चार शब्द पुरणार नाहीत. पेन्शनवर आलेल्याचं ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड मानसिक उपचारालाही चालतं.

साखळीबद्दल स्पष्टच लिहितो. गोठ्यात दाव्यानं बांधलेली माणसं या जिल्ह्यात नाहीत, असं तुम्हीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळीनं बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून गेले, कारण पळता येईना. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ९५ नं साखळदंडाला कुठल्याही स्वरूपात मनाई केली आहे. पण नुसती मनाई सांगून बांधणाऱ्या म्हाताऱ्या आईचा प्रश्न सुटत नाही. ती दिवसभर मजुरीला जाते आणि पोरगा रस्त्यावर जातो, म्हणून बांधते. तिला शिव्या घालण्याआधी पर्याय द्या.

माणूस भडकलेला असताना असं करा. बघ्यांना हाकला, सगळ्यात आधी. कोयता, कुऱ्हाड, पहार उचलून दुसऱ्या घरी ठेवा. ज्याचं तो ऐकतो असा एकच माणूस बोलेल, बाकीचे गप्प. दार मोकळं ठेवा, त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. 'असं कुणी नाही, तुला भास होतोय' म्हणून वाद घालायचा नाही, आणि 'हो, मलाही दिसतंय' असंही म्हणायचं नाही. 'तुला भीती वाटतीय हे कळतंय, कुणी हात लावणार नाही' एवढं पुरतं. १०८ ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'हे आमच्याकडं होत नाही' असं उत्तर आलं तर याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९४ आठवा: जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो. बेवारस फिरणारा, स्वतःची काळजी घेता न येणारा रुग्ण गावात दिसला तर कलम १०० नुसार पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. घरात छळ किंवा हेळसांड होत असेल तर कलम १०१ प्रमाणे ठाणे अंमलदार दंडाधिकाऱ्यांना कळवतात. पोलीस पाटलांनी एक लेखी अर्ज दिला तरी चक्र फिरतं.

आत्महत्येचा विचार माणसाच्या बोलण्यात आधी डोकावतो. 'माझ्यामागं पोरांचं बघा', सोसायटीची पासबुकं बायकोच्या हाती देणं, आवडतं खोंड एकाएकी विकून टाकणं. 'बोलणारा करत नाही' हे साफ खोटं आहे. विचारल्यानं डोक्यात खूळ भरतं, हेही खोटं. एकांतात, सरळ विचारा: 'जीव नकोसा झालाय का? मरून जावं असं मनात येतं का? कसं, कधी, ठरवलंय का?' ठरवलंय म्हणाला तर त्या रात्री एकटं सोडायचं नाही. आणि कर्ज आहे, पीक गेलंय, म्हणजे कारण आहे, मग आजार कसला, असं मानू नका. कारण असतानाही आजार असतो आणि औषधानं झोप आली, विचार ताळ्यावर आले, की कर्जाचा रस्ताही काढता येतो.

घरात कीटकनाशक नको. कुलपाच्या पेट्या वाटणं सोपं वाटतं, पण श्रीलंकेत गावोगावी पेट्या वाटून पाहिल्या तेव्हा फरक पडला नाही. तिथं मृत्यू खरे घटले ते अतिजहाल औषधांवर बंदी आल्यावर. बंदी तुमच्या हातात नाही. फवारणीपुरतंच आणा, उरलेलं घरी साठवू नका, हे कृषी सेवा केंद्रवाल्याशी बोलून ठरवणं तुमच्या हातात आहे. कुणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, दूधही नको. भरलेले कपडे काढा, अंग धुवा, कुशीवर निजवा, बाटली लेबलासकट बरोबर घ्या. 'केस होईल' म्हणून लपवू नका. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात ते नियमाप्रमाणे. पण मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमही उरलेलं नाही.

आता कामाचं. ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध संकलन केंद्रावर आणि सोसायटीत १४४१६ हा नंबर रंगवा. फोनवर मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलिमानसची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात पहिल्या खेपेला जाताना आधार कार्ड, आधीच्या गोळ्यांची पाकिटं (रिकामीसुद्धा) आणि रोजचं बघणारं घरातलं माणूस बरोबर असावं. 'कधीपासून, झोप किती, खाणं किती, दारू-गांजा किती, घराण्यात कुणाला' एवढं कागदावर लिहून न्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवायची गरज फार थोड्यांना पडते, आणि येरवडा म्हणजे जन्मभर कोंडणं ही भीतीही जुनी आहे.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. तुमच्या यादीत हात-पाय आणि डोळ्यांची नावं असतील, या आजाराचं एखादं तरी आहे का बघा. औषध सुटण्याचं सगळ्यात साधं कारण दर महिन्याचा गाडीखर्च आणि बुडालेली मजुरी हेच असतं. तीन-चार रुग्णांची तारीख एका दिवशी घेऊन एक जीप करा, खर्च निम्म्याच्या खाली येतो.

यात्रा कमिटीला एकच विनंती. दोन रात्रींच्या जागरणानं उन्मादाचा आजार उलटू शकतो, तेव्हा ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना पालखीच्या रात्री झोपू द्या, 'देवाच्या कामाला आला नाही' म्हणून बोल लावू नका. आणि यात्रा उठल्यावर देवळाच्या आवारात कुणी मागं राहिलेला, नाव सांगता न येणारा दिसला तर त्याला पुढच्या गावाच्या एसटीत बसवून देऊ नका. पोलीस ठाण्याला कळवा.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आम्हाला बोलवलंत तर येऊ, तासभर पुरे. फक्त वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, म्हणजे शेतावरनं आलेल्या बायकांना बसता येईल. घरात गोळ्या कोण देतं हे त्यांनाच विचारायचं आहे.

आपले,
मानसिक आरोग्याच्या कामातले काही डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक
सातारा